पाणी खाली, तहान वर

मे महिन्यात आठ-दहा दिवस कोकणात राहून परतलेल्या एका शेजारच्या कुटुंबाला दार उघडताच पहिली दिसली ती दिवाणखान्यातली पीस लिली. पानं चारी बाजूंनी कुंडीच्या काठावर लोळत होती, देठ मऊ पडले होते, एकुलतं एक पांढरं फूल तपकिरी होऊन खाली वाकलं होतं. कुंडी साधी नव्हती. खाली दीड लिटरची टाकी, बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी लाल काडी, आणि आता पंधरा दिवस बघायला नको असा विकणाऱ्याचा दिलासा. गंमत म्हणजे ती लाल काडी अजून वरच होती. झाड उचलून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. टाकीवरच्या जाळीवर दोन बोटं जाडीचा खापऱ्यांचा आणि खडीचा थर होता, अगदी निगुतीने रचलेला, प्रत्येक खापरी उपडी. त्यावर लाल माती. ती कडेने आकसून कुंडीपासून सुटली होती आणि बोटांनी दाबली की तिचा भुगा होत होता. टाकीत पाणी मात्र स्वच्छ, नितळ, भरलं होतं तसंच्या तसं. पीस लिली मानी झाड नाही. वरून दोनदा भरपूर पाणी घातल्यावर संध्याकाळपर्यंत बरीचशी पानं उभी राहिली. पण प्रश्न राहिलाच. खाली पाणी आणि वर तहान, हे झालं कसं?

त्या घरात कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हे जास्त खुपतं. भोकावर खापरी ठेवावी, तळाला थोडी खडी घालावी, मग माती भरावी, ही शिकवण आपल्याकडे आजी-आजोबांपासून चालत आलेली आहे. साध्या कुंडीत ती खपून जाते, कारण पाणी वरून येतं आणि स्वतःच्या वजनाने खाली जातं. टाकीच्या कुंडीत प्रवास उलटा आहे. पाणी खालून वर चढायचं आहे, आणि ते चढवायला पंप नाही, झडप नाही, वीज नाही. कुंडीचा निळा-पांढरा चकचकीत प्लास्टिकचा देह हे नुसतं भांडं. पाणी चढवण्याचं सगळं काम करतं ते आत भरलेलं मिश्रण. तरी दुकानात माणूस कुंडी निवडायला अर्धा तास घालवतो आणि मिश्रणाची पिशवी बिल करताना काउंटरवरून उचलतो.

समईत तेल वातीतून जसं वर येतं, तसंच हे आहे. बारीक पोकळीत पाणी आपोआप चढतं, आणि पोकळी जितकी अरुंद तितकं उंच चढतं. एक मिलिमीटर रुंदीच्या पोकळीत साधारण ३ सेंटीमीटर, ०.३ मिलिमीटरच्या पोकळीत १० सेंटीमीटर, ०.१ मिलिमीटरच्या पोकळीत ३० सेंटीमीटर. हा हिशेब काचेच्या स्वच्छ नळीचा. मिश्रणात पोकळ्या वेड्यावाकड्या असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच धरायचं. पण एवढ्यावरून खडीच्या थराचं कोडं सुटतं. खडीच्या दोन तुकड्यांमधली फट चार-पाच मिलिमीटरची. त्यात पाणी अर्धा-एक सेंटीमीटर चढून थांबतं. वरची माती कितीही तहानलेली असली तरी मधला दुवाच तुटलेला असतो. टाकीच्या कुंडीत तळाला खडी, विटेचे मोठे तुकडे, थर्माकोल, नारळाच्या शेंड्या, काही म्हणजे काही घालायचं नाही. उलट टाकीत खाली उतरणारा जो छोटा कप किंवा पाय असतो, तो सर्वांत बारीक, ओल्या मिश्रणाने ठासून भरायचा. इतर सगळीकडे मिश्रण हलक्या हाताने भरायचं, फक्त त्या पायात अंगठ्याने दाबायचं. तिथे हवेची एखादी पोकळी राहिली तरी वर काही पोचत नाही.

हाच हिशेब उलटा वाचला की दुसरी गोष्ट कळते, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. पाण्याच्या पातळीपासून १० सेंटीमीटर उंचीवर ०.३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहू शकत नाहीत. त्या रिकाम्या होतात, म्हणजे त्यांत हवा असते. त्याहून लहान पोकळ्या भरलेल्या राहतात. झाडाला दोन्ही लागतं. मुळांना पाणी हवं आणि श्वासही हवा, आणि प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. शेतकरी पाऊस पडून गेल्यावर वापसा येण्याची, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून मातीत हवा शिरण्याची वाट बघतो, ती याच कारणासाठी. टाकीच्या कुंडीत पाऊस कधी थांबतच नाही. तिथे वापसा आपोआप येणार नाही, तो मिश्रणातच बांधून द्यावा लागतो.

सगळी निवड याच एका मुद्द्यावर येऊन थांबते.

आता आपली लाल माती या कसोटीवर घासून पाहा. तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक की तिच्या पोकळ्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही लहान. हिशेबाने त्यात पाणी दोन-तीन मीटर चढू शकतं. आपली कुंडी आहे वीतभर. म्हणजे दुवा जुळला की ती माती तळापासून वरपर्यंत गच्च, आणि हवेला जागा नाही. दुवा तुटला की ती वाळून वीट. मधलं काही नाही. काळी माती तर आणखी चिवट. जमिनीत हीच माती सोनं असते, कारण तिथे गांडुळं असतात, मुंग्या असतात, जुन्या मुळांची भोकं असतात, खाली मीटरभर खोली असते. दिवाणखान्यातल्या कुंडीत यातलं काही नाही. म्हणून टाकीच्या कुंडीत बागेतली माती नको, थोडीसुद्धा नको. 'थोडी तरी माती हवीच ना' असं म्हणून मूठभर टाकणाऱ्यांचा जीव कळतो. कोकोपीट हातात घेतल्यावर मातीचा तो वास येत नाही, वजन जाणवत नाही, काहीतरी खोटं केल्यासारखं वाटतं. पण ती मूठभर चिकणमाती दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याबरोबर बारीक फटींत जाऊन बसते आणि मुद्दाम राखलेल्या हवेच्या जागा बुजवते.

नर्सरीतून आणलेल्या झाडाची मुळं तर मातीच्या गोळ्यातच येतात. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातून येतात, आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात बसवला तर बारीक माती सभोवतालच्या भरड मिश्रणातलं पाणी ओढून घेते. बाहेरून सगळं कोरडं, मोकळं, छान. आत मात्र दलदल. महिनाभराने खालची पानं पिवळी पडतात आणि लोक टाकीत आणखी पाणी घालतात. गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, मग पाण्यातच हलवून माती सुटू द्यायची. बोटांनी ओरबाडायचं नाही. शेवटचा चिकटलेला थर नळाच्या बारीक धारेखाली निघतो. थोडी मुळं तुटतात, ते चालतं. काळी, मऊ, ओढल्यावर साल सुटून येणारी मुळं कात्रीने कापून टाकायची. हे काम उन्हाळ्याच्या भरात करू नये. पावसाळ्याची सुरुवात किंवा गणपतीनंतरचे दिवस बरे.

मातीच्या जागी आपल्याकडे मुख्य येतं ते कोकोपीट. काथ्या काढल्यावर उरलेला नारळाच्या सोडणाचा भुसा. ते स्वस्त आहे, देशी आहे, पाणी उत्तम चढवतं, सहजासहजी कुजत नाही. त्याच्या दोन खोडी मात्र माहीत हव्यात. पहिली मिठाची. सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुशात सोडियम आणि पोटॅशियम ठासून असतं. बाजारात मिळणाऱ्या ६५० ग्रॅमच्या विटेपासून साधारण आठ-नऊ लिटर भुसा होतो. ती वीट चार-पाच लिटर पाण्यात अर्धा तास भिजवायची, जुन्या सुती पंचात घालून पिळायची, आणि हे किमान तीनदा करायचं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं, तिसरं फिकट. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर घातलेल्या पाण्याचा आणि पिळून निघालेल्या पाण्याचा आकडा ताडून पाहावा. दोन्हींत शे-दीडशेहून जास्त फरक राहिला तर आणखी एकदा धुवावं. पाण्याने धुतल्यावर सुटं मीठ जातं, पण भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम जात नाही. ते पुढे खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बळकावतं आणि नवी पानं वेडीवाकडी येतात. त्यावर उपाय कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटचा: लिटरला सुमारे २ ग्रॅम, त्या पाण्यात कोकोपीट रात्रभर, सकाळी निथळून साध्या पाण्याने एकदा धुणं. साध्या कुंडीत हे सगळे सोपस्कार टाळले तरी निभावतं, कारण वरून घातलेलं पाणी मीठ खाली वाहून नेतं. टाकीच्या कुंडीत काहीच वाहून जात नाही, म्हणून तिथे आळस महागात पडतो.

दुसरी खोड दिसण्याची. कोकोपीट वरून वाळलं की फिकट तपकिरी, भुसभुशीत दिसतं, आणि खाली एक पेर बोट घातलं तर ओलं गच्च असतं. वरचा रंग बघून वरून पाणी घालणारे हात याच फसवणुकीला बळी पडतात. शिवाय एकटं कोकोपीट खालून सतत ओलं राहिलं की बसत जातं. सहा महिन्यांत मिश्रणाची पातळी दोन-तीन बोटं खाली गेलेली दिसली, तर ती जागा हवेची होती असं समजायचं.

म्हणून भरड माल. सर्वांत सोपा परलाइट: ज्वालामुखीतली काच भट्टीत तापवून फुलवलेली, पांढरी, हलकी, सच्छिद्र. दुकानात तो बहुधा बारीक मिळतो, एक-दोन मिलिमीटरचा, निम्मा तर पीठच. आपल्याला ३ ते ६ मिलिमीटरचा हवा. पिशवीत आधी पाणी शिंपडायचं, मग चाळायचं. कोरडा चाळला तर ती धूळ नाकातोंडात जाते आणि ती चांगली नाही. वरून पाणी ओतलं की परलाइट तरंगून वर येतो, हा त्याचा अवगुण. खालून पाणी देणाऱ्या कुंडीत तो प्रश्न जवळपास नाही. प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, मिळाला तर उत्तम, परलाइटपेक्षा जड असल्याने तो जागचा हलत नाही, पण आपल्याकडे महाग पडतो. त्याला आपल्या मातीतला पर्याय म्हणजे भाजलेली वीट. जुनी वीट घ्यायची, तिला चिकटलेलं सिमेंट आधी छिन्नीने काढायचं, कारण त्यातला चुना मिश्रण अल्कधर्मी करतो. मग हातोडीने फोडून दोन चाळण्या: ६ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेलं आणि ३ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेलं तेवढंच ठेवायचं. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं आणि रात्रभर भिजवायचं. हा माल स्वतः पाणी पितो आणि तुकड्यांमध्ये हवाही राखतो. बांधकामाची खडी किंवा क्रश सँड ही जागा घेऊ शकत नाही; काळ्या दगडाला छिद्रं नाहीत, आणि क्रश सँडमधली भुकटी फटी बुजवते. निचऱ्यासाठी रेती घालण्याची सवयही इथे सोडावी. बारीक रेती कोकोपीटमधल्या पोकळ्या भरून काढते आणि मिश्रण आणखी गच्च होतं.

कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे भाताचं तूस फुकटात मिळतं. तुसात सिलिका असल्याने ते सावकाश कुजतं आणि मिश्रण मोकळं ठेवतं. उकळतं पाणी ओतून, गार झाल्यावर निथळून, एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापर्यंत घालायला हरकत नाही. उकळतं पाणी न घालता वापरलं तर राहिलेले दाणे उगवतात आणि चिलटं येतात. जाळलेलं तूस घ्यायचं तर काळं, अर्धवट जळालेलं. पांढरी राख झालेलं नको, ती फार अल्कधर्मी. आणि कोळसा? कुंडीत घातलेल्या मूठभर कोळशाने पाणी शुद्ध राहतं, असं सगळेच एकमेकांना सांगतात. तुकडे मोठे असतील तर ते हवेपुरते बरे, बाकी काही करत नाहीत.

गांडूळखताबद्दल मात्र भांडावं लागतं. घरोघरी 'एक भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट' हे सूत्र पाठ आहे. गच्चीवरच्या वांग्या-टोमॅटोला ते ठीक. टाकीच्या कुंडीत एक तृतीयांश गांडूळखत म्हणजे चिखलाची हमी. ते बारीक असतं, पाणी धरून ठेवतं, आणि सतत ओलं राहिलं की त्यातले जिवाणू आहे तो प्राणवायू संपवतात. मग कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला म्हणजे तळाशी हवा संपली, असं समजून त्याच दिवशी टाकी रिकामी करायची. खताचं प्रमाण दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये. निंबोळी पेंड तर नकोच. ओल्या मिश्रणात तिला पांढरी बुरशी येते आणि घरभर वास सुटतो. बाजारात 'इनडोअर पॉटिंग मिक्स' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पिशव्यांत कोकोपीट, गांडूळखत, पेंड आणि नावापुरता परलाइट असतो. तीच पिशवी हाताशी असेल तर दोन भाग ती आणि एक ते दीड भाग भरड परलाइट असं करून वापरता येते.

प्रमाणं सगळी मापाने, वजनाने नाही. एकच वाटी किंवा डबा धरून. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली यांना धुतलेलं कोकोपीट पाच, परलाइट किंवा वीट तीन, नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे एक, गांडूळखत एक. मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, अँथुरियम यांची मुळं जाड, त्यांना हवा जास्त लागते: कोकोपीट तीन, परलाइट तीन, सोडणाचे तुकडे तीन, खत एक. नेचे आणि आफ्रिकन व्हायोलेट यांना बारीक मुळांसाठी कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज) समसमान. व्हायोलेट जोपासणारे लोक वातीवरच्या कुंड्या कितीतरी वर्षं वापरत आले आहेत आणि त्यांचं मिश्रण नेहमी असंच हलकं असतं. स्नेक प्लांट, झीझी, जेड, कोरफड यांच्यासाठी खरं तर ही कुंडीच नको. त्यांना कोरडेपणाचे दिवस लागतात. कुणी हौसेने लावलंच तर वीट तीन, परलाइट तीन, कोकोपीट दोन असं करावं आणि टाकी रिकामी झाल्यावर दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी. कुंडीची उंचीही बघावी लागते. बुटक्या कुंडीत सगळं मिश्रण पाण्याजवळ असतं, म्हणून ते अधिक भरड हवं. उंच कुंडीत थोडं बारीक चालतं. १२ सेंटीमीटर खोलीच्या कुंडीत आणि २५ सेंटीमीटर खोलीच्या कुंडीत एकच मिश्रण भरलं तर दोन झाडं दोन वेगळ्या हवामानांत राहतात.

मिश्रण जमलं की नाही हे झाड लावण्याआधी दोन परीक्षांत कळतं. पहिली हवेची. एक लिटरचा प्लास्टिकचा डबा, तळाला चार-पाच भोकं, ती बाहेरून चिकटपट्टीने बंद. आत ओलसर मिश्रण काठापर्यंत भरायचं, दोनदा हलकेच आपटायचं, दाबायचं नाही. मग कडेने हळूहळू पाणी सोडायचं, वर पाण्याची चकाकी दिसेपर्यंत, आणि अर्धा तास थांबायचं. डबा परातीवर धरून पट्टी काढायची, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं आणि परातीतलं पाणी मोजायचं. लिटरला २०० ते ३०० मिलिलिटर निघालं तर निथळल्यावर मिश्रणात २० ते ३० टक्के हवा आहे. टाकीच्या कुंडीला हेच हवं. दोनशेच्या खाली निघालं तर परलाइट वाढवायचा. दुसरी परीक्षा चढण्याची. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तळाला भोकं पाडून, त्यात जेमतेम ओलसर मिश्रण भरायचं आणि बाटली दोन सेंटीमीटर पाण्यात उभी करायची. बाहेरून ओलीची गडद रेषा दिसते. चोवीस तासांत ती १० ते १५ सेंटीमीटरवर आली तर ठीक. पाच-सहा सेंटीमीटरवर अडली तर मिश्रण फार भरड, कोकोपीट वाढवा. वरच्या कडेपर्यंत जाऊन तिथेही चमकत राहिली तर फार बारीक. एक सावधगिरी: हाडासारखं कोरडं पडलेलं कोकोपीट पाणी घेतच नाही, ते झिडकारतं. परीक्षेला असो की लावणीला, मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि पाण्याचा थेंब पडू नये, एवढं ओलं हवं.

टाकीत वातीने पाणी चढवणाऱ्या घरगुती जुगाडांत पायजम्याच्या नाडीवर सगळ्यांचा भरवसा. सुती नाडी पहिल्या दिवशी झकास चालते आणि तीन-चार महिन्यांत कुजून तुटते. वैशाखात तुळशीवर किंवा पिंडीवर गळती टांगणाऱ्या घरांना सुती वातीचं तंत्र ठाऊक असतं, पण तिथे वात रोज डोळ्यांसमोर असते आणि महिनाभराने गळती उतरते. कुंडीच्या पोटात तुटलेली वात दिसत नाही. नायलॉनची विणलेली सैल दोरी किंवा लोकरीच्या दुकानातली अ‍ॅक्रिलिक लोकर चार-पाच पदरी वळून वापरावी. नवी दोरी आधी साबणाच्या गरम पाण्यात धुवायची, कारखान्याचं तेल लागलेलं असेल तर पाणी चढत नाही. वीतभर कुंडीला अशा दोन वाती पुरतात. त्या मिश्रणात निम्म्या उंचीपर्यंत न्यायच्या, आणि पाण्याच्या पातळीपासून कुंडीच्या तळापर्यंतचं अंतर सात-आठ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

लावणी झाल्यावर टाकी लगेच भरायची नाही. मुळं ओलीपर्यंत पोचलेली नसतात. लहान झाडाला महिनाभर, मोठ्याला दोन-तीन महिने वरूनच पाणी द्यायचं, नवं पान फुटलं की मग टाकी. काडी तळाला आली की लगेच पुन्हा भरण्याचीही घाई नको. दोन-चार दिवस टाकी कोरडी राहिली की मिश्रणात ताजी हवा शिरते. टाकीत काय घालू नये याची यादी आपल्या घरात फार लांब निघेल: तांदूळ धुतलेलं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी, जीवामृत, शेणाची स्लरी. अंगणातल्या झाडांना ते अमृत असेल, बंद टाकीत ते सडतं. आरओ यंत्रातून निघणारं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून घरातल्या कुंड्यांना घालणारेही खूप आहेत. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाटलेले असतात. खालून पाणी चढतं, वरून उडून जातं, क्षार वरच्या थरात साचत राहतात. कुंडीच्या काठावर पांढरी-पिवळसर पापडी आणि स्पायडर प्लांट, ड्रसीना, कॅलॅथियाच्या पानांची टोकं तपकिरी, ही त्याची खूण. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत ही पापडी वर्षभर वाट बघत नाही. दोन-तीन महिन्यांनी टाकी काढून, कुंडी मोरीत ठेवून, कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी वरून सोडायचं आणि निथळू द्यायचं. त्याआधी पापडी चमच्याने खरवडून काढायची. खत द्यायचं तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समसमान) लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, एक आड एक भरणीला. पाकिटावरचं प्रमाण वरून देण्याचं असतं. टाकीत ते थेट घातलं तर मुळांची टोकं करपतात.

आणि डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी हवं असतं. टाकीची कुंडी त्याला याहून चांगलं काय देणार? मुंबई-पुण्यात पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी येऊन मनीप्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, त्यात या टाक्या सहज निसटतात, कारण पाणी दिसतच नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी भरायच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा स्पंजचा तुकडा घट्ट बसवायचा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून ब्रशने घासायची. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. जून ते सप्टेंबर मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत झाड पाणी तसंही कमी पितं. टाकी तेव्हा कोरडीच ठेवावी आणि आठवड्यातून एकदा वरून पेलाभर पाणी द्यावं. नागपूरला मे महिन्यात उलट होतं: कोरड्या हवेत ठेवलेली मॉन्स्टेरा इतकं पाणी उडवते की मिश्रण तेवढं चढवू शकत नाही. तिथे वरून दीड-दोन सेंटीमीटर सोडणाच्या तुकड्यांचं आच्छादन घालावं. चिलटांवरही तोच उपाय काही अंशी चालतो, कारण ती वरच्या ओल्या सेंद्रिय थरातच अंडी घालतात.

कोकोपीटवर बेतलेलं मिश्रण दीड-दोन वर्षांनी थकतं. पातळी खाली जाते, परलाइटचे कण चिरडून पीठ होतात, मुळं टाकीत उतरून पातळीच्या काडीचा तरंगता ठोकळा जखडतात आणि काडी भलताच आकडा दाखवत राहते. तेव्हा हवेची परीक्षा पुन्हा घ्यायची; दीडशेच्या खाली उतरली तर सगळं बदलायचं. निव्वळ वीट, प्युमिस किंवा मातीचे भाजलेले गोळे वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, ते धुऊन पुन्हा भरता येतात. लेचुझा या जर्मन ब्रँडचं पॉन हे मिश्रण त्याच जातीचं आहे, प्युमिस, झिओलाइट, लाव्हा आणि सावकाश सुटणारं खत. पण खनिज मालात झाडाचं सगळं पोषण आपल्या हातात येतं, आणि विसराळू माणसाला कोकोपीट जास्त माफ करतं. काढलेलं जुनं मिश्रण फेकायचं नाही. उन्हात तीन-चार दिवस पसरून वाळवावं, मुळांचे तुकडे वेचून काढावेत, दोनदा पाणी मारून क्षार धुवावेत आणि गच्चीवरच्या किंवा सोसायटीच्या बागेतल्या काळ्या मातीत तिसरा हिस्सा मिसळावं. तिथे ते कढीपत्त्याला, जास्वंदीला आणखी दोन वर्षं पुरतं.